अतिरिक्त कार्यभार

पहाटे पावणेसहा.
डिसेंबरात राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर या वेळी दव एवढं असतं की ज्वारीच्या ओळीत शिरलं की पँट गुडघ्यापर्यंत भिजते. मजूर बाया उजाडल्याशिवाय येत नाहीत आणि त्यांनी यावं असं मीही म्हणत नाही. मुळा नदीच्या पाण्यावरचा हा ऊसपट्टा, कुठल्या सरीतून बिबट्या निघेल सांगता येत नाही. म्हणून मी आणि आमचे कृषी सहायक, दोघंच जातो. हातात बॅटरी आणि मोबाइलवर मोठ्या आवाजात गाणी. गाणी बिबट्यासाठी, आमच्यासाठी नव्हेत.

एवढ्या लवकर जायचं कारण ज्वारीच्या फुलाला कार्यालयीन वेळ माहीत नाही. कणसातली फुलं पहाटे उमलायला लागतात, आधी टोकाकडची, मग खाली खाली, आणि चार-सहा दिवसांत सगळं कणीस फुलून जातं. पराग काही तासच कामाचा असतो. काल दुपारी ज्या कणसांतले परागकोश काढून पिशव्या घातल्या, त्यांना आज सकाळी पराग मिळाला नाही तर कालची मेहनत गेली.

नराच्या कणसावरही बटर पेपरची पिशवी आदल्या दिवशीच चढवलेली असते. ऊन जरा वर आलं की ते ताट वाकवून पिशवीवर टिचकी मारायची. आत पिवळी भुकटी पडते. दवानं ओलावा धरलेला असेल तर भुकटीचे गोळे होतात, मग थांबायचं. पिशवी हलकेच काढून मादी कणसावर उपडी घालायची, झटकायची, क्लिप लावायची आणि लेबलवर दोन्ही ओळींचे क्रमांक आणि तारीख शिसपेन्सिलनं लिहायची. पेन वापरायचा नाही. शाई दवात धुऊन जाते आणि मग आपण कुणाचं लग्न कुणाशी लावलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

सध्या माझ्या डोक्यात खडखड्या आहे. फुलोऱ्यानंतर जमिनीतली ओल संपली की या रोगाची बुरशी बुंध्यातून वर चढते, ताट आतून पोकळ होतं आणि दाणा भरायच्या आत ज्वारी लोळते. दाणा पक्का होईपर्यंत पानं हिरवी ठेवणाऱ्या काही ओळी आमच्याकडे आहेत. त्यांचा दाणा मात्र लहान आणि मळकट. टपोऱ्या, चमकदार दाण्याच्या ओळींशी त्यांचा संकर करायचा, पुढच्या पिढ्यांत निवड करत जायचं, मग केंद्रावरची चाचणी, बहुस्थानिक चाचणी, अखिल भारतीय समन्वित चाचणी, शेतकऱ्याच्या रानातलं प्रात्यक्षिक. आज टिचकी मारलेल्या पिशवीतून वाण निघालंच, तर दहा-बारा वर्षांनी. बहुतेक पिशव्यांतून काहीच निघत नाही.

सात.
बाया येतात. "साहेब, आज पाखरं लई हायेत वरच्या प्लॉटात," हे पहिलं वाक्य. पाखरं राखायला कोण, पिशव्या कोण, नोंदी कोण, हे पाच मिनिटांत ठरतं. मी त्यांच्यातल्या एका मावशींच्या हातात लेबलांचा गठ्ठा देतो आणि निघतो.

सव्वाआठ.
घरी चहा, अंघोळ आणि फोन. "अहो, जामखेडचा कुणीतरी सकाळपासून लावतोय," असं सांगून सौ. मोबाइल पुढे करते. पलीकडे तरुण शेतकरी. ज्वारी पोटरीतच सुकायला लागली म्हणतो. कुठलं वाण, विचारलं. फुले रेवती. रान कसं? मुरमाड, फूटभर माती. पाणी? नाही.

यात वाणाचा दोष नाही. फुले रेवती भारी जमिनीसाठी, तेही पाण्याची सोय असेल तर. रब्बी ज्वारीत आमच्या विद्यापीठानं शिफारशीच मातीच्या खोलीप्रमाणे केलेल्या आहेत: हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारी कोरडवाहूला फुले वसुधा किंवा फुले यशोदा. ढोबळ मानानं फूटभरापर्यंत माती म्हणजे हलकी, दोन फुटांपर्यंत मध्यम, त्यापुढे भारी. रब्बीचं हे पीक पावसावर येत नाही, जमिनीनं साठवलेल्या ओलीवर येतं. आणि फूटभर मातीत साठणार किती? दुकानात मात्र शेतकरी विचारतो, "जास्त पिकणारं कुठलं?" आणि दुकानदार जे शिल्लक असेल ते देतो. दादाला सांगितलं, आता एखादं संरक्षित पाणी देता आलं तर बघा, नाहीतर कडबा तरी हाती लागेल अशा बेतानं काढा. पुढच्या वर्षी पेरणीआधी कुदळ घेऊन एक खड्डा खणा.

मी स्वतः पाथर्डी तालुक्यातला. आमच्याकडे दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात आणि मागे राहतात म्हातारी माणसं आणि ज्वारी. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळायचा. त्याची भाकरी तुटायची, घशाखाली उतरायची नाही, आणि लोक तो खाऊन अमेरिकेला शिव्या द्यायचे. कृषी महाविद्यालयात गेल्यावर कळलं, मिलो म्हणजे ज्वारीच! एकाच पिकाच्या दोन भाकरींत एवढा फरक कसा, या प्रश्नावर माझी सगळी नोकरी गेली असं म्हटलं तरी चालेल.

पावणेदहा.
कार्यालय. माझी मूळ नेमणूक ज्वारी पैदासकाराची. त्यावर संशोधन संचालनालयातल्या कामाचा अतिरिक्त कार्यभार आहे, तोही बरेच दिवस. सरकारी नोकरीतला माणूस या शब्दाला हसतो, कारण त्याला माहीत असतं की मूळ कार्यभारच पुढे अतिरिक्त होतो.

हे विद्यापीठ म्हणजे एक आवार नाही. १९६८ साली सगळ्या राज्यासाठी एकच कृषी विद्यापीठ स्थापन झालं. १९६९ मध्ये विदर्भासाठी अकोल्याचं, १९७२ मध्ये मराठवाड्यासाठी परभणीचं आणि कोकणासाठी दापोलीचं वेगळं झालं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे पश्चिम आणि उत्तर महाराष्ट्राचे दहा जिल्हे राहिले. कोल्हापूरच्या पावसापासून जामखेडच्या कोरड्या रानापर्यंत, नंदुरबारच्या सातपुड्यापासून सोलापूरच्या काळ्या मातीपर्यंत. पाडेगावला ऊस, निफाडला गहू, मोहोळला ज्वारी, कसबे डिग्रजला सोयाबीन. यातली काही केंद्रं विद्यापीठापेक्षा कितीतरी जुनी, ब्रिटिश काळातली. प्रत्येक केंद्रावर जमीन, विहीर, मजूर, ट्रॅक्टर, चाचण्या आणि एक प्रमुख. आणि त्या प्रत्येकाचा कागद कधी ना कधी या टेबलावरून जातो.

आज टेबलावर सगळ्यात वर लाल पताका लावलेली फाइल. डिसेंबर म्हणजे नागपूरचं अधिवेशन. विधानसभेत तारांकित प्रश्न आला आहे: गेल्या पाच वर्षांत रब्बी ज्वारीचे किती वाण विकसित केले, किती हेक्टरवर पोहोचले, किती खर्च झाला? उत्तर दुपारी दोनपर्यंत. प्रश्न वाजवी आहे, विचारायलाच हवा. पण किती हेक्टरवर पोहोचले याचं खरं उत्तर कुणाकडेच नसतं, कारण रब्बी ज्वारीचं बी शेतकरी घरचंच राखतो, शेजाऱ्याला देतो, लेकीच्या सासरी पाठवतो. आम्ही विकलेल्या बियाण्यावरून अंदाज बांधतो आणि तसं स्पष्ट लिहितो. खालून तयार होऊन आलेल्या मसुद्यात तो अंदाज आकडा म्हणून लिहिला होता. मी 'अंदाजे' शब्द घातला.

दुसरी फाइल मजुरांच्या हजेरीपटाची. दिवसभरातली महत्त्वाची फाइल माझ्या मते हीच, आणि हिला पताका नाही. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांचा पैसा ७५ टक्के भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा, २५ टक्के राज्याचा. दोन्ही वाटा एका वेळी येतील असं नाही. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. रब्बी ज्वारीची काढणी-मळणी ऐन फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे मजूर सगळ्यात जास्त लागतात तेव्हा लेखाशीर्षाखाली तळ दिसत असतो. आणि एप्रिल-मेमध्ये खरिपाची मशागत, तेव्हा नव्या वर्षाचा निधी अजून वाटेत असतो. मळणी आठ दिवस लांबली, अवकाळी पाऊस आला, दाणा काळा पडला, तर त्या चाचणीचं वर्ष वाया. समन्वयक आकडेवारी बघतात, हजेरीपट कुठे अडकला होता ते बघत नाहीत.

कृषी संशोधनात चांगला प्रशासक कोण, असं मला विचाराल तर ज्याची मजुरीची फाइल मळणीच्या आधी सुटते तो. बाकी भाषणं, करारनामे, फीत कापणं हे सगळं त्यानंतर.

अकरा.
दूरदृश्य बैठक. विषय: प्रलंबित लेखा आक्षेप. तास दीड तास. यावर लिहिण्यासारखं काही नाही.

साडेबारा.
एम.एस्सी.चा विद्यार्थी आकडेवारी घेऊन येतो. चेहरा पडलेला. त्याच्या चाचणीत एक ओळ मालदांडीपेक्षा खूपच सरस आली आहे, पण आकड्यांतली तफावत दाखवणारा सीव्ही फुगलाय. एकाच ओळीच्या तीन पुनरावृत्त्यांत एवढा फरक असेल तर सरस आली ती ओळ की ती मातीची पट्टी, हे ठरवता येत नाही. दोघं नकाशा काढून बसलो. तिसऱ्या पुनरावृत्तीच्या कडेनं चारी जाते. तिथल्या झिरप्यानं कडेचे प्लॉट माजले होते. त्याला म्हटलं, हे प्रबंधात जसंच्या तसं लिही, लपवू नकोस. "पण सर, मग निष्कर्ष?" निष्कर्ष हाच की पुढच्या वर्षी चारीपासून लांब पेर.

मालदांडीचं हे प्रकरण बाहेरच्याला सांगावं लागतं. मोहोळच्या केंद्रावर १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवड करून 'एम ३५-१' काढली. त्याला आता नव्वदीकडे वर्षं झाली. १९६४ साली सीएसएच-१ हा भारतातला ज्वारीचा पहिला संकरित वाण आला आणि खरिपात हायब्रीडनं मुसंडी मारली. पण रब्बीत हायब्रीडची डाळ शिजली नाही. आजही रब्बीच्या चाचणीत तुलनेला मालदांडी पेरावीच लागते. कारण शेतकरी नुसते क्विंटल मोजत नाही. भाकरी पांढरी हवी, गोड हवी, सकाळची संध्याकाळी मऊ राहायला हवी. आणि कडबा उंच, पानाळ, जनावरानं ओढून खाल्ला पाहिजे. दुधाच्या या जिल्ह्यात कडब्याचा भाव चढला की ज्वारी हे कडब्याचं पीक होतं, दाणा वरकड. दाण्यात वाढ दाखवून कडब्यात कमी पडणारी कितीतरी वाणं कागदावर प्रसारित झाली आणि कागदावरच राहिली.

पावणेदोन.
जेवण. आज नुसतं जेवण नाही, भाकरीची परीक्षाही आहे. पुढच्या टप्प्यातल्या काही ओळींचं पीठ दळून भाकऱ्या केल्यात. ताटलीवर नाव नाही, नुसता क्रमांक. रंग, चव, पोत, थापताना चिरते का, सगळ्याला गुण. लेखा विभागातले एक जण मुद्दाम बोलावलेले असतात, कारण पैदासकाराला आपली ओळ चवीवरून ओळखू येते असा माझा संशय आहे, आणि मी स्वतःला वगळत नाही. गुणपत्रिका भरणारे लेखनिक दरवर्षी एकच शेरा मारतात: "ठेचा दिला असता तर सगळ्यांनाच पैकीच्या पैकी."

खाण्यासाठी म्हणून खास काढलेले वाणही आहेत. हुरड्यासाठी फुले उत्तरा आणि फुले मधुर, लाह्यांसाठी फुले पंचमी, पापडासाठी फुले रोहिणी. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हा शहरातून चौकशा आल्या त्या बहुतेक याच वाणांच्या. नगर-पुणे रस्त्याला हुरडा पार्टीचे फलक लागतात, त्यातल्या शेतकऱ्याला किलोमागे मिळणारा पैसा मळणी केलेल्या ज्वारीपेक्षा चांगला असतो. विद्यापीठाच्या मोठ्या वाणांइतकंच या लहान वाणांचं काम महत्त्वाचं आहे असं माझं मत. परिषदेत मात्र लाह्यांच्या वाणावर सादरीकरण केलं की सभागृहात हसू फुटतं.

तीन.
बियाण्याची आढावा बैठक. पैदासकार बियाण्याच्या पिशवीला सोनेरी पिवळा टॅग, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा. पिवळ्या टॅगवर पैदासकाराची सही असते. म्हणजे भेसळ निघाली तर जबाबदारी थेट माझी. बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये फुलोऱ्याच्या आधी, फुलोऱ्यात आणि काढणीआधी फिरून वेगळं दिसणारं ताट उपटायचं. उंच दिसलं, उपट. कणसाचा आकार वेगळा, उपट. मजुरांना जिवावर येतं, कारण उपटलेलं ताट बहुधा सगळ्यात जोमदार असतं.

आज भांडण वाटपाचं. मागणी हलक्या जमिनीच्या वाणाची जास्त, आणि बी जास्त आहे भारी जमिनीच्या वाणाचं. का? भारी जमिनीचं वाण जास्त पिकतं, बीजोत्पादकाला परवडतं. नगर, पाथर्डी, कर्जत, जामखेड इथली बहुतेक ज्वारी हलक्या-मध्यम रानात आणि बी मात्र उलट्या प्रमाणात. सकाळच्या जामखेडच्या फोनचं मूळ इथं आहे. बीजोत्पादकाला हलक्या जमिनीच्या वाणासाठी वेगळा दर द्यावा अशी टिपणी मी लिहिली. मंजूर होईल का, ते पुढच्या बैठकीत.

साडेचार.
परत प्रक्षेत्रावर. उद्याच्या संकरासाठी कणसं तयार करायची. वरचा उमललेला भाग कात्रीनं छाटायचा, खालचा कच्चा भाग छाटायचा, मधली उद्या उमलतील अशी मोजकी फुलं ठेवायची आणि सुईच्या टोकानं एकेका फुलातले तीन परागकोश काढायचे. एकही फुटला तर फूल स्वतःच्याच परागानं फळतं. मावशी बांधावर बसून हे करतात, चष्म्याशिवाय. मला आता चष्म्यानंही जमत नाही. त्यांना विचारलं, एवढं बारीक काम कसं जमतं? "तांदूळ निवडल्यावानी," म्हणाल्या आणि पुढच्या कणसाकडे वळल्या. त्यांची मजुरी अकुशल दरानं लागते. ही सुधारावी असं मी लिहून बसलो आहे; कुशल मजुराच्या व्याख्येत हे काम बसवायला नियम सापडत नाही म्हणतात.

सहा.
अंधार पडता पडता पुन्हा कार्यालय. समन्वित प्रकल्पाची पाहणी तुकडी येणार आहे, तिचा दौरा, जेवण, प्लॉटच्या पाट्या. संयुक्त कृषी संशोधन आणि विकास समितीसमोर चारही विद्यापीठांचे शास्त्रज्ञ उन्हाळ्यात एकत्र बसतात, नवे वाण आणि शिफारशी तिथं तावून सुलाखून निघतात. त्याचे प्रस्ताव आतापासूनच लावायला लागतात.

या वेळी टेबलाशी कुणीतरी तरुण सहायक प्राध्यापक हमखास टेकतो आणि विचारतो, "सर, प्रशासनात जावं का?" मी त्याला नावंच सांगतो. परभणीला ज्यांनी शास्त्रज्ञ जांभळे यांच्याबरोबर येलो व्हेन मोझॅक रोगाला दाद न देणारी 'परभणी क्रांती' भेंडी दिली, ते डॉ. वाय. एस. नेरकर पुढे राहुरीचे कुलगुरू झाले. ज्वारीतच काम केलेले डॉ. शरद गडाख इथे संशोधन संचालक होते आणि २०२२ मध्ये अकोल्याच्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आमच्यात प्रशासक वेगळे घडवले जात नाहीत. चिमटा धरणारा हातच पुढे सही करतो. ते योग्यही आहे. ज्यानं कधी पराग वाया गेलेला पाहिला नाही, त्याला फाइल आठ दिवस पडली तर काय बिघडतं हे कळत नाही. पण प्रत्येक असा माणूस खुर्चीत गेला की मागे एक प्लॉट पोरका होतो, आणि त्या प्लॉटवर दुसरा कोण, याची तरतूद आपण क्वचितच करतो. म्हणून त्याला सांगतो: जा, पण आधी आपला माणूस तयार कर. तयार केला नसेल तर पहाटे पावणेसहाला उठायची तयारी ठेव.

रात्री नऊ.
जेवणानंतर दिवसाच्या नोंदी वहीतून संगणकात. मोबाइलवर शेतकऱ्यांचे फोटो येतात, बहुतेक कौतुकाचे: कणसाशेजारी उभा शेतकरी, डोक्याएवढी ज्वारी. या फोटोंचा मला पैदासकार म्हणून फारसा उपयोग नाही. पिकलं ते पिकलं. फसलं कुठे, हे कळायला हवं, आणि ते कुणी कळवत नाही; लाजेनं म्हणा किंवा सांगून काय होणार म्हणून म्हणा. आज दिवसभरात कामाचा फोन एकच होता, जामखेडचा.

तेव्हा वाचकांपैकी कुणी विद्यापीठाचं वाण पेरलं असेल आणि ते लोळलं, सुकलं, किडलं, भाकरी चांगली झाली नाही, जनावरानं कडब्याला तोंड लावलं नाही, असं काहीही झालं असेल, तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला किंवा संशोधन केंद्राला जरूर कळवा. वाणाचं नाव, पेरणीची तारीख, मातीची खोली आणि टॅगचा रंग, एवढं सोबत लिहा. टॅग फेकला असेल तर निदान पुढच्या वर्षीचा जपून ठेवा.